ताशी ३५ मैलांच्या आसपास: घरी बांधलेल्या बुश प्लेनची जुळणी

विमानाविषयी बोलताना लोक आधी वेग विचारतात, आणि वेग म्हणजे जास्तीत जास्त वेग असेच गृहीत धरतात. सांगलीहून धाकट्या भावाचा फोन आला की तो हमखास विचारतो, "दादा, आता किती पळतंय तुझं विमान?" त्यावर मी "आणखी दोन मैलांनी हळू झालंय" असे समाधानाने सांगितले की त्याला काय बोलावे ते सुचत नाही. अलास्कात पामर गावाच्या परिसरात विमाने बाळगणाऱ्यांना मात्र हे उत्तर समजावून सांगावे लागत नाही. येथे निक नदीच्या पात्रात, हिमनदीने आणून टाकलेल्या गोट्यांच्या आणि वाळूच्या पट्ट्यांवर उतरायचे असते. तो पट्टा गेल्या उन्हाळ्यात जेथे होता तेथे या उन्हाळ्यात असेलच असे नाही, आणि असला तरी तो किती लांब उरला आहे हे वरून पाहूनच ठरवावे लागते.

माझे बुश प्लेन, म्हणजे धावपट्टी नसलेल्या जागीही उतरू शकणारे विमान, पायपर कंपनीने १९४९ मध्ये बाजारात आणलेल्या पीए-१८ सुपर कबच्या धर्तीवर बांधलेले आहे. क्रोमोली पोलादाच्या नळ्या वेल्ड करून केलेला सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले पॉलिएस्टरचे कापड, एकामागे एक दोन आसने, डोक्यावर पंख, शेपटीखाली लहान चाक आणि पुढे लायकमिंगचे ओ-३२० जातीचे १५० अश्वशक्तीचे इंजिन, असा सगळा जुना आणि पारखलेला मामला आहे. विमान उडू लागल्यानंतर मी जे काही फेरफार केले ते जवळजवळ सगळे हळू उडण्यासाठीच केले. त्या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे. हळू उडण्याची क्षमता एखादा सुटा भाग विकत घेऊन विमानाला जोडता येत नाही. पंख, शेपूट, चाकांची उंची, प्रोपेलर, वजन आणि वेगमापक यांतले जे सर्वांत कमकुवत असेल, तेच विमान किती हळू उडेल हे ठरवते, आणि बहुतेक वेळा ते पंख नसतात.

थोडे गणित आधी सांगितले पाहिजे. जमिनीला टेकताना विमानात जी गतिज ऊर्जा असते ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे वेग एक दशांशाने घटला की थांबण्यासाठी लागणारे अंतर जवळजवळ एक पंचमांशाने घटते. दुसरीकडे, पंखाचा कोन मर्यादेपलीकडे वाढून वरच्या पृष्ठभागावरची हवा ज्या वेगाला त्याला सोडून देते (यालाच स्टॉल म्हणतात), तो वेग वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. मूळ सुपर कबचे कमाल वजन १७५० पौंड आणि फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे खाली वळणारे भाग, पूर्ण उतरवलेले असताना स्टॉलचा वेग ताशी ४३ मैल. तेच विमान, त्याच पंखांसह, १४०० पौंडांवर उडवले तर हा आकडा ३८ ते ३९ मैलांवर येतो, म्हणजे ६२ किलोमीटरांच्या आसपास. एकही नवा भाग न लावता साडेचार मैल मिळाले. वजन कमी करणे हे काम कंटाळवाणे असते, त्याची छायाचित्रे कोणी पाहत नाही, आणि म्हणूनच बहुतेक जण ते शेवटी करतात.

पण वजन काढतानाही ते कोठून काढतो याला महत्त्व आहे. जुना जड स्टार्टर काढून हलका बसवला तर नाकावरचे वजन घटते आणि ते दोन्ही अंगांनी फायद्याचे ठरते. शिशाची जुनी बॅटरी काढून लिथियमची बसवली तर दहा-पंधरा पौंड सहज वाचतात. परंतु ती बॅटरी सामानाच्या जागेमागे असेल, तर तिच्या जाण्याने विमान नाकाकडे जड होते. एकट्याने उडताना, मागचे आसन आणि सामानाची जागा रिकामी असताना, कब जातीचे विमान आधीच नाकजड असते. नाकजड विमानात शेपटीला सतत खाली दाबून धरावे लागते, तो दाब पंखांना वाढीव ओझे म्हणून पेलावा लागतो, आणि वजन कमी करून मिळवलेल्या फायद्यातला काही भाग असा परत जातो. मी हलकी बॅटरी घेतली, ती मागेच ठेवली, आणि एकट्याने उडताना तंबू, हत्यारे व पाण्याचे डबे मागच्या सामानाच्या जागेत अगदी शेवटी बांधतो. येथले बरेच जुने वैमानिक हेच करतात. त्यांतल्या कोणालाही मी त्याचे समीकरण मांडताना पाहिलेले नाही.

पंखाकडे वळण्यापूर्वी त्याची मूळ बसवण तपासणे आवश्यक असते. कबच्या पंखाला दोन तिरके आधार, म्हणजे स्ट्रट असतात, आणि मागच्या स्ट्रटच्या टोकाचा आट्यांचा काटा फिरवून पंखाच्या टोकाला किंचित खाली पीळ देता येतो. या पिळामुळे पंखाचे मूळ आधी स्टॉल होते आणि टोक, जेथे एलेरॉन (विमान डावे-उजवे कलवणारा हलता भाग) असते, थोडे नंतर. त्यामुळे स्टॉलच्या काठावरही विमान डावे-उजवे सावरता येते. पीळ काढून टाकला तर सपाट उड्डाणात एखाद-दुसरा मैल वेग वाढतो आणि स्टॉलही किंचित उशिरा येतो, असे सांगणारे वैमानिक आहेत, आणि ते खरेही आहे. मी मात्र पीळ ठेवला. दोन्ही पंखांचा पीळ डिजिटल पातळीमापक रिबखाली, म्हणजे पंखाच्या फासळीखाली, धरून पुनःपुन्हा मोजला, आणि दोन्हीकडे सारखा येईपर्यंत काटे अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने फिरवले. आट्यांचे किती फेरे आत गुंतलेले राहिले पाहिजेत याला किमान मर्यादा असते आणि तेथे हयगय चालत नाही, कारण तो काटा सुटला तर पंखच सुटतो. एवढे केल्यावर स्टॉलच्या वेळी डावीकडे घसरण्याची विमानाची खोड जवळजवळ गेली.

हवा पंखावरून नेमकी कशी वाहते हे पाहण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे लोकर. बोटभर लांबीचे लोकरीचे तुकडे चिकटपट्टीने पंखाच्या वरच्या बाजूला ओळीने लावायचे, स्ट्रटवर आणि शेपटीच्या खांबावर छोटे कॅमेरे बसवायचे, पुरेशी उंची गाठायची आणि वेग हळूहळू कमी करत न्यायचा. खाली आल्यावर संगणकावर जे दिसते ते पाहण्यासारखे असते. आधी सगळे धागे मागच्या बाजूला आडवे पडलेले असतात. मग पंखाच्या मुळाशी, केबिनच्या काचेच्या छताला लागून असलेले धागे थरथरू लागतात. मग त्यांची टोके उचलली जातात, आणि शेवटी ती चक्क उलटी, पुढच्या दिशेला वळतात. म्हणजे तेथे हवा मागून पुढे वाहत आहे. माझ्या विमानात ही गडबड अपेक्षेपेक्षा बरीच लवकर सुरू होत होती आणि ती पंखाच्या आकारामुळे नव्हती. छत आणि पंख यांच्या सांध्यात एक फट होती आणि तिच्यातून खालची हवा वर येत होती. ती फट बंद करून सांध्यावर ॲल्युमिनियमची गोलसर पट्टी बसवल्यावर धागे आणखी बराच वेळ शांत राहू लागले. एलेरॉन आणि एलिव्हेटर (आडव्या शेपटीचा नाक वर-खाली करणारा हलता भाग) यांच्या बिजागरीजवळच्या फटीही पारदर्शक पट्टीने बंद केल्या. हे काम एका दुपारचे आहे आणि त्याचा परिणाम लगेच हाताला जाणवतो.

त्यानंतर व्होर्टेक्स जनरेटर. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण आठ-दहा टक्के अंतरावर, एका ओळीत, आलटून-पालटून तिरक्या बसवलेल्या या बोटाच्या पेरापेक्षाही लहान पात्या असतात. प्रत्येक पाती एक छोटा भोवरा निर्माण करते, तो भोवरा वरची वेगवान हवा खेचून पंखालगतच्या मंदावलेल्या थरात मिसळतो, आणि तो थर पंखाला आणखी थोडा वेळ धरून राहतो. स्टॉलचा वेग थोडा कमी होतो, पण माझ्या दृष्टीने त्याहून मोठा फायदा म्हणजे एलेरॉन शेवटपर्यंत काम करत राहतात. तोटेही सांगितले पाहिजेत. काही विमानांत या पात्यांमुळे स्टॉल उशिरा येतो, पण आला की अधिक झटक्याने येतो. शिवाय अलास्काच्या हिवाळ्यात पंखांवर कापडी खोळी घालाव्या लागतात आणि खोळ ओढताना ती पात्यांत अडकते. वसंतात पंखाच्या कडेने चार-दोन पात्या गळालेल्या दिसल्या नाहीत असे वर्ष जात नाही, आणि पात्यांच्या मधले हिमकण पुसणे हे थंडीतले सर्वांत वेळखाऊ काम होऊन बसते.

फ्लॅप लांबवण्याचे काम अधिक मोठे होते. मूळ पंखाचे टोक गोल असते. ते चौकोनी केले की एलेरॉन टोकाकडे सरकवता येते आणि मोकळ्या झालेल्या जागेत फ्लॅप एक-दीड रिबेने वाढवता येतो. एलेरॉन बाहेर गेल्यामुळे त्याची तरफ वाढते, म्हणून पंख उचलण्याची ताकद टिकून राहते. मात्र लांब फ्लॅप पूर्ण उतरवला की विमान नाक खाली घालू पाहते आणि ते वर धरण्याचे काम शेपटीवर येते. माझ्या विमानाचा खरा अडथळा येथे सापडला. फ्लॅप पूर्ण, थ्रॉटल (इंजिनाचा जोर) बंद, मागे वजन नाही, अशा स्थितीत विमान चालवायची काठी पोटाला लागेपर्यंत ओढली तरी पंख स्टॉल होत नव्हते. एलिव्हेटरची ताकद त्याआधीच संपत होती आणि विमान नाक किंचित खाली घेऊन संथपणे खाली बसत होते. पंखाला आणखी काही जोडून उपयोग नव्हता, कारण आहे ते पंखसुद्धा पूर्ण वापरले जात नव्हते.

यावर उपाय म्हणून आडव्या शेपटीच्या खालच्या बाजूला, एलिव्हेटरच्या बिजागरीच्या थोडे पुढे, त्याच पात्यांची एक ओळ लावली. शेपटीचा पंख उलट्या दिशेने, खाली दाबण्यासाठी काम करतो, म्हणून पात्या वर न लावता खाली लावाव्या लागतात. फटी आधीच बंद केल्या होत्या. या दोन गोष्टींनी आणि मागे बांधलेल्या सामानाने मिळून एवढी ताकद आली की इंजिन मंद असतानाही पंखाला त्याच्या मर्यादेपर्यंत नेता येऊ लागले. इंजिनावर जोर असेल तर प्रोपेलरचा झोत शेपटीवरून जातो आणि एलिव्हेटर भलताच ताकदवान भासतो. अनेकांची फसगत यातूनच होते: इंजिनाच्या जोरावर विमान जवळजवळ हवेत टांगून आणायचे, जमिनीपासून दहा फुटांवर थ्रॉटल एकदम बंद करायचा, आणि झोत गेल्याबरोबर नाक व विमान दोन्ही कोसळताना पाहायचे. थ्रॉटल चाके टेकेपर्यंत किंचित उघडा ठेवणे ही येथली जुनी शिकवण आहे.

स्लॅटचा विषय निघाल्याशिवाय अशी चर्चा पूर्ण होत नाही. पंखाच्या पुढे, थोडी फट सोडून बसवलेली ही अरुंद वक्र पट्टी नवी नाही. जर्मनीत लाखमान आणि इंग्लंडात हँडली पेज यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच ती स्वतंत्रपणे शोधली होती. १९३६ च्या फिझेलर स्टॉर्क विमानाला पंखाच्या पूर्ण लांबीभर स्थिर स्लॅट होता. घरी बांधता येणाऱ्या विमानांत क्रिस हाइन्झ यांच्या झेनिथ सीएच ७०१ ने तो लोकप्रिय केला, आणि गंमत अशी की त्याच विमानाच्या काही मालकांनी पुढे स्लॅट काढून त्या जागी व्होर्टेक्स जनरेटर लावले, कारण स्थिर स्लॅट हा सपाट उड्डाणात सतत हवेला अडवत राहतो. स्लॅटचे काम पंखाचा स्टॉल बऱ्याच मोठ्या कोनापर्यंत पुढे ढकलण्याचे आहे. म्हणजेच त्याचा फायदा घ्यायचा तर विमानाचे नाक तेवढे वर गेले पाहिजे. शेपटीचे चाक असलेले विमान जमिनीवर तिन्ही चाकांवर उभे असताना जो कोन करते, त्याहून मोठ्या कोनात ते उतरवायला गेलो तर शेपूट आधी आपटते. स्टॉर्कचे ते लांबलचक पाय पाहिले की ती मंडळी हे किती नीट समजून होती ते कळते: स्लॅट आणि उंच पाय हे एकाच योजनेचे दोन भाग आहेत. नेहमीच्या उंचीच्या पायांवर स्लॅट बसवणारा माणूस पैसे खर्च करून असा कोन विकत घेतो जो त्याला उतरताना कधीच वापरता येणार नाही.

म्हणून मी आधी पायांकडे लक्ष दिले. तीन इंच लांब केलेले पाय आणि ३१ इंच व्यासाचे मऊ टायर यांनी नाक वर आले आणि प्रोपेलरलाही जमिनीपासून अधिक अंतर मिळाले. या टायरांत हवेचा दाब इतका कमी ठेवतात की अंगठ्याने दाबले तरी ते दबतात, आणि मुठीएवढे दगड ते पोटात घेऊन पुढे जातात. हवेतला त्यांचा अडथळा मोठा आहे, पण त्याबद्दल तक्रार करण्याचा हक्क मी केव्हाच गमावला आहे.

प्रोपेलरची निवडही याच तर्काने झाली. सुपर कबचा नेहमीचा प्रोपेलर ७४ इंच व्यासाचा आणि ५६ इंच पिचचा (पिच म्हणजे एका फेऱ्यात तो तत्त्वतः पुढे जाईल ते अंतर) असतो. अलास्कात त्याऐवजी ८२ इंच व्यास आणि ४१ इंच पिचचा प्रोपेलर सर्रास दिसतो. पिच कमी म्हणजे इंजिन जागच्या जागीही जवळजवळ पूर्ण फेरे घेऊ शकते, आणि व्यास मोठा म्हणजे जास्त हवा सावकाश मागे ढकलली जाते. कमी वेगात ओढ मिळवण्याचा तोच किफायतशीर मार्ग आहे. मोबदल्यात सपाट उड्डाणातला वेग १० ते १५ मैलांनी घटतो. मिनिटाला २७०० फेऱ्यांना या प्रोपेलरचे टोक ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ८७ टक्के वेगाने फिरते, आणि हिवाळ्यात थंड हवेत ध्वनीचा वेगच कमी होत असल्याने हे प्रमाण आणखी वाढते. सकाळी सात वाजता उड्डाण केले तर शेजाऱ्यांना ते कळवण्याची गरज पडत नाही. दोन प्रोपेलरांची तुलना करताना मी शेपूट पिकअप गाडीला ताणकाट्यातून बांधून पूर्ण थ्रॉटल दिला आणि ओढ सरळ पौंडांत वाचली. अशा चाचणीच्या वेळी चाकांना अडसर, ब्रेकवर पाय आणि पुढे कोणीही उभे नाही, एवढे पथ्य पाळावेच लागते.

तीव्र कोनात इंजिन वर जाते तेव्हा दोन गोष्टींचे हाल होतात. पहिली म्हणजे थंडावा. पुढचा वेग कमी आणि जोर पूर्ण, त्यामुळे सिलिंडरच्या माथ्याचे तापमान भराभर चढते. लायकमिंगची मर्यादा ५०० अंश फॅरनहाइट आहे, पण ४०० च्या आत ठेवलेले इंजिन जास्त काळ टिकते असा येथला अनुभव आहे. सिलिंडरांभोवतीच्या पत्र्यांच्या भिंती आणि त्यांच्या कडेचे रबर यांतून हवा जेथे जेथे निसटत होती तेथे लाल सिलिकोन भरले, आणि तापमानाचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. या विमानात पेट्रोल पंखातल्या टाक्यांतून केवळ गुरुत्वाकर्षणाने कार्ब्युरेटरकडे उतरते. नाक जितके वर, तितका टाकी आणि कार्ब्युरेटर यांच्या उंचीतला फरक कमी, आणि प्रवाहही कमी. पूर्ण जोरात इंजिन तासाला साधारण १४ गॅलन पेट्रोल पिते, आणि गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या व्यवस्थेने त्याच्या दीडपट, म्हणजे २१ गॅलनांच्या वेगाने ते दिले पाहिजे, असा नियम आहे. ही चाचणी सपाट जमिनीवर घेऊन काही कळत नाही. मी हँगरमागे शेपटीच्या चाकासाठी खड्डा खणला, पुढची चाके फळ्यांवर चढवली, आणि उड्डाणात अपेक्षित असलेल्या कोनापेक्षा थोडा जास्तच कोन साधला. मग कार्ब्युरेटरला येणारी नळी सोडून, टाकीत अगदी थोडे पेट्रोल ठेवून, ते मोजपात्रात घड्याळ लावून पाडले. उजव्या टाकीचा प्रवाह डावीपेक्षा स्पष्टपणे कमी येत होता; शोध घेता नळीचे एक वळण वर जाऊन खाली येत होते आणि त्या उंचवट्यात हवा अडकत होती. नळी बदलल्यावर दोन्ही टाक्या सारख्या झाल्या. ज्यांना आपल्या विमानाचे नाक आणखी वर न्यायचे आहे, त्यांनी स्लॅटचा पहिला पत्रा कापण्याआधी हा खड्डा खणावा, असे मी आवर्जून सांगेन.

आता मोजमापाविषयी. "माझे विमान ताशी २० मैलांवर उडते" असे सांगणारा कोणी भेटला की तो खोटे बोलत नसतो. त्याचा वेगमापक बोलत असतो. वेगमापकाची नळी समोरच्या हवेकडे तोंड करून बसवलेली असते, आणि विमानाचे नाक वीस-पंचवीस अंश वर असताना हवा तिच्यात तिरकी शिरते, म्हणून सुई खऱ्यापेक्षा बरेच कमी दाखवते. माझ्या सुईने २५ दाखवले तेव्हा खरा वेग ३५ च्या जवळ होता. हे शोधण्यासाठी अगदी शांत पहाटे, स्थिर उंचीवर, सुई एका आकड्यावर धरून उत्तर, पूर्व, दक्षिण आणि पश्चिम या चारही दिशांना उडावे, उपग्रहावरून मिळणारा जमिनीसापेक्ष वेग प्रत्येक वेळी टिपावा, त्याची सरासरी काढावी आणि मग उंची व तापमान यांची दुरुस्ती करावी. वारा असेल तर ही पद्धत हळू वेगात दगा देते, कारण १० मैलांचा वारा १०० मैलांच्या वेगापुढे किरकोळ असला तरी ३५ पुढे तो नाही. १४०० पौंडांवर, पूर्ण फ्लॅपसह, थ्रॉटल बंद असताना माझ्या विमानाचा स्टॉल आता ताशी ३५ मैलांच्या किंचित खाली येतो, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर. हा आकडा मैफलीत सांगण्याजोगा नाही, पण तो खरा आहे, आणि उतरताना किती वेग ठेवायचा हे मी त्यावरूनच ठरवतो.

अलास्कातल्याच वाल्डेझला दर मे महिन्यात भरणाऱ्या मेळाव्यात आखलेल्या रेषेपलीकडे काही फुटांत उतरून थांबणारी विमाने पाहून लोक माझ्या आकड्याला हसू शकतात. ती विमाने आणि ते वैमानिक अद्भुत आहेत यात वाद नाही. मात्र तेथे विमानात माणूस आणि घोटभर पेट्रोल यांपलीकडे फारसे काही नसते, आणि समोरून वारा मिळाला तर तो निम्मे काम करतो. ३५ मैलांनी टेकणाऱ्या विमानाला समोरून १५ मैलांचा वारा मिळाला की जमिनीसापेक्ष वेग २० उरतो आणि जिरवायची ऊर्जा एक तृतीयांशावर येते. मातानुस्का आणि निक या दोन्ही हिमनद्यांकडून आमच्या खोऱ्यात वारा उतरतो, आणि कोणत्याही दुकानात मिळणाऱ्या भागापेक्षा तो अधिक उपयोगी आहे. फक्त त्याची दिशा रोज तपासावी लागते.

हळू उडणारे विमान हाती आले की एक नवा धोकाही येतो. नदीकाठी मूस, म्हणजे येथले प्रचंड हरीण, दिसला, त्याला नीट पाहावे म्हणून वैमानिक त्याच्याभोवती कमी उंचीवर, हळू वेगात घिरट्या घालू लागतो. नजर जमिनीवर, वळण हळूहळू आवळत जाते, वारा पाठीमागून आला की जमीन भरभर सरकताना दिसते आणि वेग पुरेसा आहे असा भास होतो. ४५ अंशांच्या वळणात पंखावरचे ओझे १.४१ पट होते आणि स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो. ६० अंशांत ओझे दुप्पट आणि वाढ ४१ टक्के. ३५ चा स्टॉल तेथे ४९ होतो. अलास्कात या प्रकारच्या अपघाताला मूसचेच नाव पडले आहे, इतका तो नेहमीचा आहे. पट्टा पाहण्यासाठी फेरी मारताना मी फ्लॅप अर्ध्यावर ठेवतो, ६० मैलांच्या खाली येत नाही, आणि पंखाचा कोन दाखवणारा मापक डोळ्यांच्या रेषेत, काचेच्या वरच्या कडेला बसवला आहे.

यातला कोणताही मोठा फेरफार मनाला आला आणि केला, असे होत नाही. अमेरिकेत विमानाचा बहुतांश भाग स्वतः, शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून बांधला असेल तर ते प्रायोगिक वर्गात नोंदवता येते आणि बांधणाऱ्यालाच त्याच्या वार्षिक तपासणीचा परवाना मिळू शकतो. पण मोठा बदल केला की संघीय विमान वाहतूक प्रशासनाला कळवावे लागते आणि विमान पुन्हा चाचणीच्या टप्प्यात जाते. किमान पाच तास, ठरवून दिलेल्या क्षेत्रात, प्रवासी न घेता उडून ते सुरक्षित असल्याची नोंद करावी लागते. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांना २०१७ मध्ये त्याची नोंदणी मिळेपर्यंत किती वाट पाहावी लागली हे आठवले, की हे पाच तास मला जाच वाटत नाहीत. उलट, लोकरीचे धागे आणि चार दिशांची मोजणी यांसाठी ते हक्काचे तास असतात.

स्लॅटचे साचे मी कापून ठेवले आहेत आणि पत्राही आणला आहे. पण हल्लीच्या पायांवर तिन्ही चाके टेकवून मोजलेला कोन आणि आत्ताच्या पंखाचा स्टॉलचा कोन यांत आता जेमतेम दोन अंशांचा फरक उरला आहे, म्हणजे स्लॅट लावले तर त्यांचा बहुतेक फायदा हवेतच राहील. त्यामुळे या हिवाळ्यात आधी सहा इंच लांब पाय बसतील, मग शेपटीखालचा खड्डा आणखी खोल करून पेट्रोलची चाचणी पुन्हा होईल, आणि ती समाधानकारक आली तरच साच्यांवर पत्रा चढेल.